करकचून ब्रेक : एका सल्ल्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
२५ फेब्रुवारी १८९९. लंडनच्या वायव्येस असलेल्या हॅरो येथील ग्रोव्ह हिल या उतारावरून डेमलर बनावटीची एक मोटारगाडी खाली येत होती. चालक होते एडविन सेवेल, वय ३१ वर्षे. एका मोठ्या व्यापारी संस्थेसाठी मोटार घ्यावी की नाही, याचा अंदाज घेण्यासाठी मेजर जेम्स रिचर त्यांच्यासोबत बसले होते. गाडीत आणखी काही प्रवासीही होते. या नव्या वाहनाचे गुण दाखवण्यासाठीच ही फेरी काढण्यात आली होती.

२/
उतारावर वेग वाढला आणि ब्रेक लावले गेले. त्या ताणाखाली मागचे एक चाक मोडले आणि प्रवासी रस्त्यावर फेकले गेले. सेवेल जागीच मरण पावले, रिचर काही दिवसांनी. चालकाचा मृत्यू झालेल्या ब्रिटनमधील अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या मोटार अपघातांपैकी हा एक होय. बरोबर ७० वर्षांनी, १९६९ साली, त्या जागी एक स्मृतिफलक बसवण्यात आला. येणाऱ्याजाणाऱ्याने सावध राहावे, असे तो फलक सांगतो.

३/
मोटारयुगाच्या उंबरठ्यावर घडलेल्या या घटनेत एक प्रश्न दडलेला आहे. समोर संकट उभे राहिले, तर चालकाच्या पायाने नेमके काय करावे? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत एकदा नव्हे, अनेकदा बदलले. एका पिढीने प्राणपणाने शिकलेला धडा पुढच्या पिढीच्या गाडीत चुकीचा ठरला. आजही अनेक घरांत वडीलधारी मंडळी नवशिक्या चालकाला जो सल्ला देतात, तो एका संपलेल्या यंत्रयुगाचा वारसा आहे. हा धागा त्या सल्ल्याच्या इतिहासाविषयी.

४/
आरंभ घोडागाडीपासून करावा लागतो. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकावर लाकडाचा ठोकळा दाबायचा, हा तिचा ब्रेक. घोड्याला लगाम असल्यामुळे ठोकळ्यावर फारसा भार येत नसे. पहिल्या मोटारींनी हाच ठोकळा उसना घेतला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला पतीने बनवलेल्या मोटारीतून गेल्या. सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वाटेत उतारांवर ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची, म्हणजे आजच्या ‘ब्रेक लायनर’ची कथा येथून सुरू झाली असे मानतात.

५/
त्याच वर्षी डनलप यांच्या हवा भरलेल्या रबरी टायरचा उदय झाला. रबरावर लाकडी ठोकळा घासणे शक्य नव्हते. ब्रेकला चाकाच्या कडेवरून आत, आसाजवळ सरकावे लागले. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकची रचना सिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रम लगेच रुळला. डिस्कला मात्र मोटारींच्या जगात मान्यता मिळायला अर्धे शतक थांबावे लागले.

६/
त्या काळच्या बहुतेक मोटारींना फक्त मागच्या चाकांवर ब्रेक असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी कोलांटी घेईल किंवा सुकाणू हातातून जाईल, अशी भीती होती. ही भीती आपल्याला परकी वाटू नये. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील’ हे वाक्य महाराष्ट्रात सायकल आणि स्कूटर शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते.

७/
भौतिकशास्त्र मात्र उलट दिशेने बोलते. ब्रेक लागताच वाहनाचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. रस्त्यावरची पकड भारावर अवलंबून असल्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाकेच करू शकतात. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारी मोटार म्हणजे आपल्या पकडीचा मोठा हिस्सा वाया घालवणारी मोटार. दुचाकीलाही हेच लागू पडते : दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत नेत लावावेत. केवळ मागच्यावर भिस्त ठेवली, तर थांबण्याचे अंतर वाढते आणि मागचे चाक घसरते.

८/
१९१० च्या आसपास स्कॉटलंडची आर्गाइल आणि इटलीची इसोत्ता फ्रास्किनी या कंपन्यांनी चारही चाकांना ब्रेक देण्याचे धाडस केले. पुढची अडचण होती ती दाब सर्वत्र सारखा पोहोचवण्याची. तारा आणि दांडे यांचा ताण चारही चाकांवर समान राहत नसे, आणि मग गाडी एका बाजूला ओढली जाई. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी तारांऐवजी द्रव वापरला. बंद नळीतील द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे पास्कलचे जुने तत्त्व येथे कामी आले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांवर द्रवचलित ब्रेक आले.

९/
याच काळातील एक रंजक तपशील पाहा. चारही चाकांना ब्रेक असलेल्या मोटारींच्या मागच्या बाजूला तशी सूचना लावलेली असे. कारण उघड होते. पुढची गाडी झटकन थांबे, पण मागून येणारी जुन्या पद्धतीची गाडी तितक्या अंतरात थांबू शकत नसे. ब्रेक किती चांगला आहे, याचे उत्तर एका गाडीपुरते नसते. मागच्या गाडीचा ब्रेक कसा आहे, हेही त्यात येते. या सूचनेमागचा विचार पुढे एका भीषण प्रसंगी पुन्हा आठवावा लागणार होता.

१०/
चार चाके आणि द्रवाचा दाब यांमुळे ब्रेक प्रथमच इतके समर्थ झाले की साधा माणूस पायाच्या जोराने चाक पुरते जाम करू शकत होता. येथेच नवे संकट जन्मले. फिरणाऱ्या टायरचा जो तुकडा रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत जवळजवळ स्थिर असतो. म्हणूनच तो रस्ता धरून ठेवतो. चाक जाम झाले की तोच तुकडा फरफटत जातो. रबर तापते, पकड घटते, आणि ओल्या रस्त्यावर तर ती फारच घटते.

११/
त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. स्टिअरिंगने गाडी वळते ती पुढची चाके फिरत असतात म्हणून. पुढची चाके जाम झाली, तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच घसरत जाते. चालक असहायपणे पाहत राहतो. मागची चाके आधी जाम झाली, तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला पाहतो आणि गाडी गिरकी घेते. थोडक्यात, संकट पाहून घाबरलेल्या पायाने सारी ताकद लावली की वाहन त्या पायाच्या मालकाचे उरत नसे.

१२/
यावर त्या पिढ्यांनी एक विद्या घडवली. ब्रेक दाबायचा, चाक जाम होतेय असे वाटताच सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा. सोडलेल्या क्षणी चाक फिरते आणि तेवढ्यात गाडी वळवता येते. कुशल चालक याहूनही सूक्ष्म काम करत : चाक जाम होण्याच्या अगदी अलीकडच्या बिंदूवर पाय तोलून धरत. मोटार चालवण्याच्या शिकवणीत हा धडा दशकानुदशके राहिला. ‘एकदम दाबू नको, पंपिंग कर’ हा आपल्याकडचा सल्ला त्याच विद्येचा मराठी अवतार. त्या गाड्यांसाठी तो अचूक होता.

१३/
दरम्यान ब्रेकच्या सामर्थ्यात आणखी एक उडी आली. बंद ड्रममध्ये साचणारी उष्णता हा जुना शत्रू होता. वारंवार ब्रेक लावले की तापलेला ड्रम निष्प्रभ होई. उघडी डिस्क वाऱ्याने लवकर थंड होते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइप मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. टोनी रॉल्ट आणि डंकन हॅमिल्टन हे तिचे चालक. प्रतिस्पर्ध्यांहून उशिरा ब्रेक लावूनही वळण साधता येते, हे साऱ्या जगाने पाहिले.

१४/
दोनच वर्षांनी, ११ जून १९५५ रोजी, त्याच ल मान्सवर माइक हॉथॉर्न यांनी आपली जॅग्वार थांब्याकडे वळवताना ब्रेक लावले. मागे असलेले लान्स मॅक्लिन धडक टाळण्यासाठी डावीकडे झाले. त्यांच्या मागून ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या पिएर लव्हेग यांच्या मर्सिडीझला थांबायला जागाच उरली नाही. मर्सिडीझ मॅक्लिन यांच्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लव्हेग यांच्यासह ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

१५/
जॅग्वारला डिस्क ब्रेक होते. मर्सिडीझला ड्रम, आणि त्यांच्या मदतीला हवेचा विरोध वाढवणारी एक उघडणारी झडप. चौकशीत कोणाही चालकावर ठपका आला नाही; अशा वेगांसाठी तो अरुंद मार्गच अपुरा ठरला होता. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १९२० च्या दशकातील ती मागची सूचना आठवते. सर्वांत पुढची गाडी किती लवकर थांबू शकते, यावर मागच्यांचे प्राण टांगलेले असतात. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे हा म्हणूनच आणीबाणीतील ब्रेकचा पहिला भाग आहे आणि तो आणीबाणी येण्याआधीच पार पाडायचा असतो.

१६/
चाक जाम होण्यावरचा उपाय रस्त्यावर सापडला नाही, धावपट्टीवर सापडला. विमान उतरताना वैमानिकाला चाकांची अवस्था पायाला जाणवत नाही. चाक जाम झाले की टायर क्षणात घासून फुटतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी डनलप कंपनीने ‘मॅक्सारेट’ हे यंत्र विमानांसाठी आणले. त्यात चाकाबरोबर फिरणारे एक लहानसे जडचक्र असे. चाक अकस्मात मंदावले की जडचक्र आपल्या ओघात पुढे धावे, एक झडप उघडे आणि ब्रेकचा दाब क्षणभर सुटे. चाक पुन्हा फिरू लागले की दाब पुन्हा येई. कुशल चालकाचा पाय जे करू पाहत होता, ते हे यंत्र न घाबरता करत होते.

१७/
१९५८ साली ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने हेच यंत्र रॉयल एन्फिल्डच्या सुपर मिटिअर दुचाकीवर बसवून पाहिले. निसरड्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर घटले. चाक घसरून पडणे हा दुचाकीस्वारांचा मोठा धोका, आणि तो टाळण्याचा मार्ग हाती आला होता. कंपनीने मात्र तो उत्पादनात आणला नाही. तीनच वर्षांपूर्वी, १९५५ साली, मद्रासमध्ये एन्फिल्डची बुलेट तयार होऊ लागली होती. त्या बुलेटवर वाढलेल्या भारतीय पिढ्यांना हे तंत्र भेटायला आणखी सहा दशके जावी लागली.

१८/
मोटारींत मॅक्सारेट आले ते १९६६ च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत. किंमत भारी, त्यामुळे जेमतेम ३२० गाड्या बनल्या. यांत्रिक जडचक्राची गतीही मोटारीसाठी अपुरी होती. निर्णायक वळण जर्मनीत आले. टेल्डिक्स, बॉश आणि डेमलर-बेन्झ यांच्या अभियंत्यांनी चाकाची गती मोजण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे सोपवले. १९७० साली झालेल्या पहिल्या प्रात्यक्षिकानंतरही यंत्रणा भरवशाची व्हायला आठ वर्षे लागली. १९७८ साली मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये ती विक्रीस आली. आज एबीएस या तीन अक्षरांनी आपण तिला ओळखतो.

१९/
एबीएसचे काम समजायला सोपे आहे. प्रत्येक चाकाजवळचा संवेदक त्याची गती सतत कळवत असतो. एखादे चाक जाम होऊ लागले की झडपा केवळ त्या चाकाचा दाब सोडतात आणि पुन्हा देतात. एका सेकंदात हे अनेकदा घडते. माणसाचा पाय इतका वेगवान नाही, आणि एका पेडलवरून चार चाकांना वेगवेगळा दाब देणे तर त्याला अशक्यच. या चालू-बंद होण्याचे हादरे पेडलमधून पायाला जाणवतात. बोनेटखालून खरखर ऐकू येते. हे हादरे लक्षात ठेवावेत, कारण पुढची शोकांतिका त्यांच्यातूनच उद्भवते.

२०/
आता अपघात झपाट्याने घटतील, अशी अपेक्षा होती. १९८० च्या दशकात म्युनिकमधील टॅक्सींवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. काही टॅक्सींना एबीएस, काहींना नाही. बाकी सारे सारखे. दोन्ही गटांतील अपघातांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. निरीक्षकांना असे दिसले की एबीएस असलेल्या टॅक्सींचे चालक अधिक बेधडक वागत होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात आणि वळणांत खर्चून टाकली होती.

२१/
१९९० च्या दशकात अमेरिकेत आणखी एक कोडे पुढे आले. एबीएस असलेल्या गाड्या ओल्या रस्त्यावर समोरच्या वाहनावर कमी आदळत होत्या, पण रस्ता सोडून बाहेर जाण्याचे त्यांचे अपघात वाढलेले दिसत होते. एकच एक कारण ठामपणे सांगता आले नाही. तरी दोन सवयींवर तज्ज्ञांचे लक्ष गेले. काही चालक जुन्या धड्यानुसार ब्रेक पंप करत होते आणि यंत्राला काम करूच देत नव्हते. काही जण पेडल थरथरताच, काहीतरी मोडले या समजुतीने पाय उचलत होते.

२२/
इतिहासात असे क्षण वारंवार येतात. अनुभवाने सिद्ध झालेले ज्ञान परिस्थिती बदलताच ओझे बनते, आणि ते बाळगणाऱ्याला याची वार्ताही नसते. ज्या वडिलांनी तीस वर्षे पंपिंग करून गाडी सांभाळली, ते आपल्या मुलीला तेच शिकवणार. त्यामागे माया आहे आणि अनुभवही आहे. परंतु मुलीच्या गाडीत प्रत्येक वेळी पाय उचलणे म्हणजे ब्रेक सोडून देणे. दर वेळी पाय वर येतो तेव्हा गाडी काही मीटर मोकळी धावते, आणि आणीबाणीत तेवढे मीटर हातात नसतात.

२३/
याच सुमारास मर्सिडीझच्या अभियंत्यांनी सामान्य चालकांना सिम्युलेटरवर बसवून त्यांच्यासमोर अकस्मात अडथळे उभे केले. निष्कर्ष अनपेक्षित होता. बहुसंख्य चालकांनी ब्रेक झटकन दाबला खरा, पण पुरेसा जोराने दाबला नाही. म्हणजे आणीबाणीत पाय बिचकतो, हातचे राखून दाबतो. यातून १९९६ साली ‘ब्रेक असिस्ट’ आले : पेडल किती वेगाने खाली गेले यावरून संकट ओळखायचे आणि पूर्ण दाब यंत्रानेच द्यायचा.

२४/
या साऱ्या प्रवासातून आज उरलेला नियम असा. गाडीत एबीएस असेल तर संकटाच्या क्षणी ब्रेक पूर्ण ताकदीने, करकचून दाबावा. पेडल थरथरले, आवाज आला, तरी पाय उचलू नये. गाडी थांबेपर्यंत दाब कायम ठेवावा. डोळे अडथळ्यावर न खिळवता मोकळ्या जागेकडे ठेवावेत आणि स्टिअरिंग त्या दिशेला बेताने वळवावे, झटका देऊ नये. ‘आधी क्लच, मग ब्रेक’ ही शिकाऊ सवयही येथे महागात पडते. आधी ब्रेक, गाडी थांबत आली की क्लच. इंजिन बंद पडले तर पडू द्यावे.

२५/
गाडीत एबीएस नसेल तर आजोबांची विद्या अजूनही खरी. जोराने दाबावे, चाक जाम होऊन गाडी घसरू लागताच दाब किंचित सैल करावा, पुन्हा दाबावे. आपली गाडी कोणत्या काळातली, हे ओळखणेही सोपे आहे. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. तो जळतच राहिला, तर ती यंत्रणा बंद आहे. साधा ब्रेक बहुधा चालू असतो, पण मग चालकाने जुन्या नियमाने वागायचे आणि गाडी गॅरेजला न्यायची.

२६/
एबीएस निसर्गनियम बदलत नाही. खडी किंवा सैल मातीवर तर थांबण्याचे अंतर वाढूही शकते, कारण जाम झालेले चाक समोर मातीचा ढीग रचते आणि फिरते चाक तो रचत नाही. वेगाचे गणित तर सर्वांनाच सारखे. ताशी ६० किलोमीटरला प्रतिसादाच्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते; मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे २० मीटर. ताशी १२० ला प्रतिसादात ३३ मीटर आणि थांबायला सुमारे ८०. वेग दुप्पट, ब्रेकचे अंतर चौपट.

२७/
घाट हा वेगळा प्रसंग. सलग ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापून बोथट होतात; जुन्या, पाणी शोषलेल्या ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल पोकळ लागते. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. ३७ फुटांना एक फूट अशा उतारावर गाडी हाताबाहेर जाईल ही शक्यता तेथे गृहीतच धरली गेली. चढावर नेऊन सोडणाऱ्या ‘कॅच सायडिंग’ तेथे बांधल्या गेल्या. उतरणारी गाडी थांबून दाखवते, तेव्हाच पुढचा मार्ग मिळतो. ट्रकचालकांचा ‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ हा दंडकही याच शहाणपणाचा. भार इंजिनावर टाकायचा आणि ब्रेक संकटासाठी राखून ठेवायचा.

२८/
आणि पेडल थेट तळाला गेलेच तर? येथे मात्र जुना सल्ला पुन्हा जिवंत होतो. पेडल भराभर पंप करावे. कित्येकदा थोडा दाब परत मिळतो. १९६० च्या दशकात मोटारींत दुहेरी ब्रेकमार्ग रूढ झाले, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा अपुरा का होईना, काम करतो. सोबत एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक एकदम न खेचता, बटण दाबून धरून हळूहळू ओढावा. एकदम खेचला की मागची चाके जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. इंजिन बंद करू नये, कारण पॉवर स्टिअरिंगची मदत त्याच्यावर चालते. एकच कृती एका संकटात चूक आणि दुसऱ्यात तारक ठरते. म्हणूनच कारण माहीत असावे लागते.

२९/
भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१८ आणि एप्रिल २०१९ अशा दोन टप्प्यांत. १२५ सीसीवरील दुचाकींनाही तोच नियम लागला. त्याखालील दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था आली. म्हणजे आज आपल्या रस्त्यांवर ब्रेकच्या इतिहासाची अनेक युगे एकाच वेळी धावत आहेत. एकाच घरात वडिलांची जुनी गाडी एका नियमाने थांबते आणि मुलीची नवी गाडी दुसऱ्या. शिकवणाऱ्याने ‘असे दाब’ म्हणण्याआधी ‘कोणती गाडी?’ हे विचारायला हवे.

३०/
वाचून पाय शिकत नाही. मोकळ्या, रिकाम्या मैदानावर, मागे कोणी नसताना, सोबत जाणकार बसवून ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने एकदा पूर्ण ब्रेक दाबून पाहावा. पेडलची ती थरथर आधीच ओळखीची झाली, तर खऱ्या प्रसंगी पाय दचकून वर येणार नाही. सेवेल यांच्या मोटारीला साथ देणारे चाकही नव्हते. त्यानंतर सव्वाशे वर्षे अनेकांनी चाक, ड्रम, द्रव, डिस्क आणि झडपा यांवर आपले आयुष्य खर्चले. आता त्या साखळीत एकच दुवा उरतो : पेडलवरचा पाय.